हॅरिएटचे हात

१९६८ साली न्यूयॉर्कमधील विंडमिल बुक्स या प्रकाशनसंस्थेने लहान मुलांसाठी एक चित्रमय चरित्र प्रसिद्ध केले. त्याचे नाव होते ‘हॅरिएट अँड द प्रॉमिस्ड लँड’. प्रॉमिस्ड लँड म्हणजे देवाने देऊ केलेली भूमी. बायबलमधील मोझेस आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडवून ज्या भूमीकडे घेऊन निघाला, ती ही वचनभूमी. अमेरिकेतील गुलामांच्या बोलण्यात आणि गाण्यांत या शब्दाला आणखी एक अर्थ आला होता. जिथे माणूस माणसाच्या मालकीचा नसतो असा उत्तरेकडचा मुलूख, तीच त्यांची वचनभूमी होती. पुस्तकाची नायिका हॅरिएट टबमन ही त्या मुलखात स्वतः पळून गेलेली आणि पुन्हा पुन्हा मागे येऊन इतरांना घेऊन जाणारी कृष्णवर्णीय स्त्री. चित्रकार होते जेकब लॉरेन्स.

पुस्तक वाचनालयांत पोहोचले आणि न्यू इंग्लंड भागातील एका ग्रंथपाल बाईंची तक्रार आली. चित्रकाराने हॅरिएटला फार बेढब, फार कुरूप काढले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या तक्रारीमागे दुष्टावा होता असे मानण्याचे कारण नाही. पुस्तक मुलांच्या हाती द्यायचे आहे, तेव्हा त्यातील थोर स्त्री देखणी नसली तरी निदान डोळ्यांना बरी दिसावी, असे अनेक जाणत्या माणसांनाही वाटते.

लॉरेन्स यांनी त्या तक्रारीला दिलेले उत्तर पुढे येईलच. त्याआधी ते पुस्तक कोणाच्या हातांविषयी होते आणि कोणत्या हातांनी घडले, हे पाहिले पाहिजे.

हॅरिएटचा जन्म १८२२ च्या सुमारास मेरीलँड राज्यातील डॉर्चेस्टर परगण्यात झाला. ‘सुमारास’ असेच म्हणावे लागते, कारण गुलामांच्या मुलांची जन्मतारीख जपून ठेवण्याची गरज त्यांच्या मालकांना वाटत नसे. तिचे मूळ नाव अरामिंटा रॉस. घरात तिला मिंटी म्हणत. हॅरिएट हे आईचे नाव तिने पुढे घेतले. सहा-सात वर्षांची असताना मालकाने तिला एका घरी भाड्याने कामाला दिले. रात्रभर पाळणा हलवायचा आणि तान्हे मूल रडले की चाबकाचा मार खायचा, असे ते काम होते. त्या माराचे व्रण म्हातारपणापर्यंत तिच्या अंगावर राहिले. दुसऱ्या एका ठिकाणी, अंगात गोवर असताना, ऐन थंडीत तिला दलदलीच्या पाण्यात उतरून मस्करॅट नावाच्या पाणउंदरांचे सापळे तपासावे लागले. थोडी मोठी झाल्यावर ती नांगर धरू लागली, लाकडे तोडू लागली, ओंडके ओढू लागली. उंची जेमतेम पाच फूट. परंतु पुरुषांची म्हणून समजली जाणारी कामे तिने वर्षानुवर्षे केली.

किशोरवयात बकटाउन नावाच्या गावातील दुकानात एक प्रसंग घडला. काम सोडून निघालेल्या एका गुलामाच्या मागे मुकादम धावत आला. त्याने दुकानातील दोन पौंडांचे, म्हणजे जवळजवळ एक किलोचे वजन उचलून त्या गुलामावर भिरकावले. नेम चुकला आणि वजन मिंटीच्या डोक्यावर बसले. रक्तबंबाळ अवस्थेत तिला घरी आणले गेले आणि दोन दिवसांत पुन्हा शेतावर धाडण्यात आले. या जखमेने तिला जन्माचे दुखणे दिले. बोलता बोलता, चालता चालता ती अचानक गाढ गुंगीत जाई आणि काही वेळाने आपोआप जागी होई. पुढील आयुष्यात ज्या स्त्रीने रात्रीच्या अंधारात माणसांचे तांडे रान तुडवीत नेले, तिला कोणत्याही क्षणी अशी झोप येऊ शकत होती, ही गोष्ट तिच्या धाडसाच्या कथेत पुष्कळदा मागे पडते.

१८४९ साली ती पळाली. पहिल्या वेळी सोबत असलेले भाऊ भीतीने मागे फिरले आणि तिलाही घेऊन आले. दुसऱ्या वेळी ती एकटीच निघाली. ध्रुवताऱ्यावर दृष्टी ठेवून, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या माणसांच्या घरी आसरा घेत ती पेनसिल्व्हेनियात पोहोचली. पळून येणाऱ्यांना लपविणाऱ्या, एका घरातून दुसऱ्या घरी पोहोचविणाऱ्या या गुप्त साखळीला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. तिला ना रूळ होते, ना डबे. वाटाड्याला मात्र रेल्वेतल्याप्रमाणे ‘कंडक्टर’ म्हटले जाई, आणि हॅरिएट या रेल्वेची सर्वांत प्रसिद्ध कंडक्टर ठरली.

तिची पहिली मोठी सुटका स्वतःच्या भाचीची. १८५० च्या डिसेंबरमध्ये केसाया नावाची ही भाची आपल्या मुलांसह केंब्रिज गावच्या न्यायालयासमोर लिलावाला उभी होती. तिचा नवरा स्वतंत्र कृष्णवर्णीय होता. त्यानेच बोली लावली, बोली जिंकली, आणि पैसे भरण्याची वेळ येण्यापूर्वीच बायकामुलांना घेऊन तो नाहीसा झाला. रात्री होडीतून ते बाल्टिमोरला गेले. तिथे हॅरिएट वाट पाहत होती.

१८५४ च्या नाताळात तिने आपल्या भावांना सोडवले. घराजवळच्या मक्याच्या कणसांच्या कोठारात सगळे लपले होते. म्हाताऱ्या आईला काही सांगायचे नाही असे ठरले, कारण ती आनंदाने किंवा दुःखाने ओरडून उठली असती. वडिलांना मात्र सांगितले. बेन रॉस अन्न घेऊन कोठाराशी आले. उद्या पाठलागवाले येऊन विचारतील, मुलांना पाहिलेस का, तेव्हा खोटे बोलावे लागू नये म्हणून त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधला. निरोपाच्या वेळीही, पोरांचा हात धरून काही अंतर चालत जाताना, त्यांनी तो रुमाल सोडला नाही. पावलांचा आवाज विरून गेल्यावरच तो काढला. हॅरिएटच्या चरित्रात पिस्तुले आहेत, कुत्र्यांचा पाठलाग आहे, बर्फातील रात्री आहेत. पण या एका रुमालात गुलामगिरीने बाप आणि लेक यांचे काय केले होते ते सारे बांधलेले आहे.

पुढे यादवी युद्धात तिने उत्तरेच्या सैन्यासाठी परिचारिका आणि हेर म्हणून काम केले. २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलिनातील कंबाही नदीवर झालेल्या मोहिमेत ती सैन्याची वाट दाखवीत होती. त्या एका मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने संपली आणि ती न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न गावी भाजीपाला पिकवून, डुकरे पाळून, दारी येईल त्याला जेवू घालून राहू लागली. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा आपला ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा ती तिथेच हयात होती. ज्यांना तो ग्रंथ अर्पण झाला त्यांत आपलीही गणना होते, हे तिला कळण्याचा संभव नव्हता. कळले असते तरी तिला ते कुणाकडून वाचून घ्यावे लागले असते. हॅरिएटला लिहिता-वाचता येत नव्हते. १० मार्च १९१३ रोजी तिचे निधन झाले.

तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, ७ सप्टेंबर १९१७ रोजी, न्यू जर्सी राज्यातील अटलांटिक सिटी येथे जेकब लॉरेन्स यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील दक्षिणेतून कामाच्या शोधात उत्तरेला आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी होते. आईवडील विभक्त झाले. आई न्यूयॉर्कमध्ये पोटापाण्याची सोय लावीपर्यंत मुलांना फिलाडेल्फियात परक्या घरांच्या आश्रयाने राहावे लागले. तेरा वर्षांचा असताना जेकब हार्लेममध्ये आईजवळ आला. आई दिवसभर कामावर. रस्त्यावरची संगत नको म्हणून तिने त्याला शाळेनंतरच्या एका कलावर्गात घातले. तिथे चार्ल्स ऑल्स्टन नावाचा तरुण चित्रकार शिकवीत असे. हा मुलगा इतरांसारखी माणसे-घोडे काढत नाही, घरातल्या सतरंज्यांवरील नक्षीसारखे रंगांचे चौकोन-त्रिकोण मांडत बसतो, हे त्याच्या लक्षात आले. त्याने मुलाला दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला नाही. रंग आणि कागद तेवढे पुरवले. शिक्षकाने काय केले याइतकेच काय केले नाही यालाही महत्त्व असते, ते असे.

मंदीचे दिवस होते. आईचे काम गेले आणि जेकबने शाळा सोडली. मिळेल ते काम करावे, उरलेल्या वेळात चित्रे काढावीत, असा क्रम सुरू झाला. मात्र शाळा सुटली तरी वाचनालय सुटले नाही. हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावर न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा होती. आर्तुरो शोम्बर्ग या ग्रंथसंग्राहकाने आयुष्यभर जमविलेली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची पुस्तके, पत्रके, चित्रे तिथे होती. तिथेच चार्ल्स सायफर्ट हे गृहस्थ आफ्रिकेच्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या इतिहासावर व्याख्याने देत. शाळेच्या पुस्तकांत जे नव्हते ते जेकबला इथे मिळाले. हैतीचा मुक्तिदाता तूसाँ लूव्हर्त्यूर, वक्ता आणि लेखक फ्रेडरिक डग्लस, आणि हॅरिएट टबमन. हॅरिएटची गोष्ट त्याने लहानपणीही मोठ्यांच्या तोंडून ऐकली होती. आता ती पुस्तकांच्या पानांत, तारखांसह, भेटली.

ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार स्त्रीचा उल्लेख इथे केला नाही तर हकिकत अपुरी राहील. हार्लेममधील अनेक मुलांना तिने कलेच्या वाटेवर आणले. बेकार कलावंतांना सरकारी वेतन देणारी एक योजना त्या काळी चालू होती. ती जेकबला त्या कार्यालयात घेऊन गेली. एकवीस वर्षे पूर्ण नाहीत म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. जेकब ही गोष्ट विसरूनही गेला. बाई विसरल्या नाहीत. वर्षभराने, १९३८ मध्ये, त्यांनी त्याला पुन्हा तिथे नेऊन उभे केले. आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट वेतन मिळू लागले. चित्र काढणे हे पोट भरण्याचे कामही असू शकते, ही गोष्ट त्याला त्या पगाराने शिकवली.

याच काळात, १९३९ आणि १९४० मध्ये, त्यांनी हॅरिएटच्या आयुष्यावर ३१ चित्रांची मालिका रंगवली. एका चित्रात एवढे आयुष्य मावणार नाही, असे त्यांचे म्हणणे. चित्रे लहान, सुमारे १२ इंच आणि १८ इंच मापाची. कॅनव्हासवर नव्हे, तर दाबून केलेल्या लाकडी पुठ्ठ्यावर. रंग दुधातील केसिनपासून बनविलेले, चटकन वाळणारे. चित्रमालिका करण्याची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. सगळे पुठ्ठे एकदम मांडायचे, सगळ्यांवर रेखाटने करून घ्यायची. मग एक रंग घ्यायचा आणि तो ज्या ज्या चित्रात हवा तिथे तिथे भरत जायचे. गडद रंग आधी, फिकट मागाहून. अशा रीतीने पहिल्या चित्रातला निळा आणि शेवटच्या चित्रातला निळा एकच राहतो. हॅरिएटच्या बालपणावरचे आकाश आणि तिच्या पलायनाच्या रात्रीचे आकाश एकाच वाटीतून आलेले असते. प्रत्येक चित्राखाली ग्रंथालयातील वाचनातून तयार केलेला दोन-तीन ओळींचा मजकूर. एका चित्रात उन्हात वाळूवर कोलांट्या मारणारी गुलामांची मुले आहेत. त्यांतली एक हॅरिएट. दुसऱ्या एका चित्रात ती लाकूड कापते आहे, आणि तिच्या दंडांच्या पिळदार स्नायूंनी जवळजवळ सारे चित्र व्यापले आहे. चित्रकार तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता. ही मालिका आज व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी लॉरेन्स पुन्हा हॅरिएटकडे वळले, या वेळी मुलांसाठी. मधल्या काळात ते अमेरिकेतील मान्यवर चित्रकार झाले होते. देशातही बरेच बदलले होते. मुलांच्या पुस्तकांत मात्र फार थोडे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने एक लेख लिहून खळबळ उडवून दिली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत ६३ प्रकाशकांनी काढलेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांची तिने पाहणी केली होती. त्यांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरातील सातांपेक्षाही कमी पुस्तकांत, एखादे तरी कृष्णवर्णीय माणूस मजकुरात किंवा चित्रात होते. आणि त्यातलीही बहुतेक माणसे जुन्या काळातली किंवा परदेशातली. लेखाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका बालवाडीतील पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी आहे. चित्रांचे पुस्तक पाहता पाहता तिने विचारले होते की, यांत नेहमी गोरीच मुले का असतात?

अशा मुलीच्या हाती जे पुस्तक पडणार, त्यात तिच्यासारखी दिसणारी नायिका येणार. तिला कसे दाखवावे?

मुलांसाठी चरित्र रचणाऱ्याला पहिली कात्री लावावी लागते ती हकिकतीला. नव्वदीच्या आसपास पोहोचलेले आयुष्य काही पानांत बसवायचे. लॉरेन्स यांच्या पुस्तकात थोडी पाने, पानभर चित्रे आणि छोट्या यमकबद्ध ओळी आहेत, आणि भर सुटकेच्या वाटचालीवर आहे. दुसरा पेच अधिक कठीण. हॅरिएटजवळ पिस्तूल असे. वाटेत खचून मागे फिरू पाहणाऱ्याला ती पुढे चल, नाहीतर मर, असे बजावीत असे, कारण मागे गेलेला एक माणूस पकडला गेला की आसरा देणारी सारी घरे उघडी पडत. हे मुलांना सांगावे की नाही? ॲन पेट्री या कृष्णवर्णीय लेखिकेने १९५५ साली थोड्या मोठ्या मुलांसाठी लिहिलेल्या हॅरिएटच्या चरित्रात हा प्रसंग टाळलेला नाही. पाच-सात वर्षांच्या मुलासमोर मात्र असे प्रसंग मांडताना हात अडखळतो. भीती तर दाखवायला हवी. भीती गाळली तर धैर्य कशाला म्हणायचे ते मुलाला कळणार नाही. लॉरेन्स यांनी ही भीती रंगांवर सोपवली. अंधाराचे मोठमोठे पट्टे, काळी झाडे, बर्फ, त्यांतून वाकून धावणारी माणसे आणि वर एक तारा. मूल घाबरते, आणि ताऱ्याकडे पाहते.

तिसरा प्रश्न शरीराचा. या पुस्तकातली हॅरिएट गुडघे टेकून जमीन घासते, तेव्हा तिचे हात देहाच्या मानाने अवाढव्य आहेत. बोटे जाड, मनगटे सुजल्यासारखी. चित्रकाराला प्रमाण साधता आले नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. लॉरेन्स यांना काम करणाऱ्या हातांचे विलक्षण आकर्षण होते. तरुणपणी हार्लेममध्ये त्यांनी सुतारकाम करणाऱ्या भावांना जवळून पाहिले होते, आणि पुढे कित्येक वर्षे करवती, रंधे, हातोडे आणि ते पेलणारे भलेमोठे हात त्यांच्या चित्रांत येत राहिले. हॅरिएटच्या बाबतीत या आकर्षणाला आणखी कारण होते. तिच्या आयुष्याचा इतिहास कागदावर थोडा आणि अंगावर जास्त लिहिलेला होता. सापळ्यांचे थंड पाणी, नांगर, ओंडके, डोक्यावरची जखम. चेहरा गोंडस केला असता तर हे सारे पुसावे लागले असते.

कागदावरच्या इतिहासाचेही असेच एक दुखणे आहे. १८६९ मध्ये सारा ब्रॅडफर्ड यांनी हॅरिएटचे चरित्र लिहिले. हॅरिएट कर्जात होती आणि पुस्तकाच्या विक्रीतून तिला मदत व्हावी, हा हेतू. लेखन घाईचे झाले. हॅरिएटने १९ फेऱ्या करून ३०० माणसे सोडवली, हे आकडे त्या पुस्तकामुळे रूढ झाले आणि पिढ्यान् पिढ्या मुलांच्या पुस्तकांत उतरत राहिले. अलीकडच्या संशोधकांनी हॅरिएटची स्वतःची निवेदने आणि त्या काळच्या नोंदी तपासून सुमारे १३ फेऱ्या आणि सुमारे ७० माणसे असा हिशेब मांडला आहे. शिवाय आणखी कित्येकांना तिने वाट समजावून सांगून पाठवले. काहींना हा आकडा कमी झाल्याचे वाईट वाटते. परंतु सत्तर माणसे म्हणजे सत्तर नावे, आणि त्यांतली बरीचशी नावे आज ठाऊक आहेत: भाची केसाया, भाऊ, आई, वडील. तीनशेच्या गर्दीत ही नावे हरवली होती. मुलांसाठी आज नव्याने हे चरित्र लिहिणाऱ्याने सत्तरच सांगावेत. चेहरा खरा हवा आणि आकडा मात्र फुगवलेला चालेल, असे कसे म्हणता येईल?

आता ते उत्तर. लॉरेन्स मवाळ स्वभावाचे, हळू बोलणारे म्हणून ओळखले जात. ग्रंथपाल बाईंना त्यांनी जे कळवले त्याचा आशय असा होता: बाईसाहेब, तुम्हाला रानावनांतून पायी चालावे लागले असते, मध्ये कुठे घडीभर आसरा मिळाला तर मिळाला, आणि कॅनडाची सरहद्द गाठेपर्यंत जिवाची शाश्वती नसती, तर तुम्हीही बेढब आणि कुरूपच दिसला असता. आणि पुढे त्यांनी एक खंत जोडली होती. छळ सोसणाऱ्यांना पुष्कळदा आपणच कुरूप वाटू लागतो, आणि छळणारे सुसंस्कृत, देखणे वाटू लागतात, ही त्यांच्या मते दुःखाची गोष्ट होती.

या उत्तरातील पहिला भाग चटकन पटतो. कॅनडाचा उल्लेखही नेमका आहे. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतील राज्यांतूनही पकडून परत नेण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून हॅरिएट आपल्या माणसांना थेट देशाबाहेर नेऊ लागली होती. दुसरा भाग मात्र थांबून वाचावा असा आहे. बालवाडीतल्या त्या मुलीने पुस्तकांत गोरीच मुले पाहिली होती. तशाच पुस्तकांतून सुंदर कोण आणि कुरूप कोण, हेही मुले न शिकवता शिकत असतात. हॅरिएटला त्या पुस्तकांतल्या मापाने सुंदर करून दाखवणे म्हणजे तेच माप पुन्हा मुलीच्या हाती देणे झाले असते.

पुढे हॅरिएटवर मुलांसाठी अनेक चित्रपुस्तके निघाली. १९९२ मध्ये फेथ रिंगगोल्ड यांनी तिची कथा आकाशातून धावणाऱ्या रेल्वेच्या कल्पनेत बसवली. १९९६ मध्ये जेरी पिंकनी यांनी ‘मिंटी’ या पुस्तकासाठी तिचे बालपण जलरंगांत रंगवले. २००६ मध्ये कॅरोल बोस्टन वेदरफर्ड यांच्या मजकुरासाठी केडिर नेल्सन यांनी काढलेली हॅरिएट भव्य आणि तेजस्वी आहे. तिच्या चेहऱ्यावर चंद्रप्रकाश आहे. ही सगळी पुस्तके वाचनालयाच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी उभी असतात. मुलांना त्यांतली कोणती हॅरिएट खरी वाटते, हे मुलांनाच विचारावे.

शाळा अर्धवट सोडलेले लॉरेन्स पुढे सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात कलेचे प्राध्यापक झाले. १९८६ साली ते निवृत्त झाले आणि ९ जून २००० रोजी त्यांचे निधन झाले.

हॅरिएटविषयी एक आठवण सांगितली जाते. एकदा ती आगगाडीत बसली असता शेजारची माणसे तिच्या शोधाचे पत्रक वाचू लागली. फरारी स्त्री निरक्षर आहे, असे त्यात म्हटले होते. तिने मुकाट्याने जवळचे पुस्तक उघडले आणि वाचत असल्यासारखी बसून राहिली. पुस्तक उलटे तर धरले नाही ना, एवढीच काळजी तिला होती. माणसांनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि ही ती नव्हे असे ठरवले. लॉरेन्स यांचे पुस्तक १९९३ मध्ये पुन्हा छापले गेले. त्यातही जमीन घासणाऱ्या हॅरिएटचे हात तेवढेच मोठे आहेत.